मुलांना घरीच शिकवण्याचे मुलांना व कुटुंबाला कोणते लाभ होतात?

आम्ही सांगलीत गेली सहा वर्षे आमच्या मुलीला घरीच शिकवत आहोत, म्हणून अनुभवातून उत्तर देत आहे.

सर्वांत मोठा लाभ म्हणजे एखादा विषय समजेपर्यंत त्यावर रेंगाळता येते. गेल्या पावसाळ्यात मुलगी रोज सकाळी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वहीत फूट-इंचांत लिहून घेत असे. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असल्यामुळे, पाणी किती इंचांनी वाढले आणि याच वेगाने इशारा पातळी कधी गाठेल, हे ती स्वतःच मांडू लागली. त्यातून आलेख आला, अपूर्णांक आले आणि कोयनेतून सोडलेले पाणी येथवर यायला वेळ का लागतो, हा भूगोलही आला. घंटा वाजली म्हणून यातले काहीच अर्धवट सोडावे लागले नाही.

कुटुंबाचा लाभही मोठा आहे. आजीसोबत हळद निवडताना मुलगी तिच्याकडून जुन्या पुरांच्या आठवणी ऐकते, आणि ही जवळीक मला अभ्यासाइतकीच मोलाची वाटते. मात्र आई-वडिलांपैकी एकाला पुरेसा वेळ द्यावाच लागतो आणि समवयस्क मुलांची सोबत मुद्दाम जुळवावी लागते. आम्ही त्यासाठी तिला रोज संध्याकाळी मैदानावर पाठवतो.

प्रमाणपत्राची काळजी नसावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या परीक्षेसाठी प्रवेश घेता येतो.