न निवडलेली माणसं

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भांडवलशाही माणसाला कसं एकटं पाडते, यावरची पहिली दोन पानं नसती तरी चाललं असतं. ते तुलाही माहीत आहे, मलाही. त्यावर आपण एकमेकींना पटवत बसायचं वय माझं तरी राहिलेलं नाही.

खरं पत्र तिसऱ्या पानावर सुरू होतं. संघटनेच्या बैठकांना जाऊन तुझा जीव विटला आहे. बायकांच्या प्रश्नावर पाच मिनिटं आणि मोर्चात कुणाचा झेंडा पुढे यावर दीड तास. शेजारी बसणारा सभासद संपात सगळ्यांत पुढे असतो आणि घरी बायकोवर हात टाकतो. सतरंज्या उचलायला तू, भाषणाला दुसराच. म्हणून तुम्ही आठ-नऊजण मिळून जमीन घेणार, एकत्र राहणार, एकत्र कमावणार. 'निदान आपल्या माणसांत तरी जगता येईल,' असं लिहिलं आहेस.

या वाक्यावर माझा आक्षेप आहे. एकत्र राहण्यावर नाही, जमिनीवरही नाही. आपण निवडतो त्या माणसांशी मैत्री होते. ती लाख मोलाची असते, पण तिला एकजूट म्हणू नकोस. एकजूट न निवडलेल्या माणसांशी करायची असते. हे मी या पत्रात पुन्हापुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

1984 मध्ये ब्रिटनमधले खाणकामगार संपावर गेले. सरकार त्यांचा संप मोडायला टपलेलं, पुढे युनियनचा निधीही न्यायालयाने गोठवला. अशा वेळी लंडनमध्ये मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन यांनी समलिंगी तरुण-तरुणींना घेऊन खाणकामगारांसाठी बादल्या हातात धरून पैसे गोळा करायला सुरुवात केली. हा निधी जायचा साउथ वेल्समधल्या डुलेस खोऱ्यात. त्या खेड्यांत अशा मंडळींबद्दल काय बोललं जात असेल, याची कल्पना तू करू शकतेस. बादली फिरवण्याआधी या मुलांनी खाणकामगारांची परीक्षा घेतली नाही. आमच्याबद्दल तुमची मतं काय आहेत ते आधी लिहून द्या, मग पैसे देऊ, असं म्हटलं नाही. पोलीस आपल्याला मारतात तसेच यांनाही मारतात, एवढं त्यांना पुरलं.

मार्च 1985 मध्ये संप हरला. ही गोष्ट सांगताना लोक हा भाग गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिते: हरला, सपशेल हरला, आणि पुढे खाणी एकामागून एक बंद झाल्या. पण त्याच उन्हाळ्यात लंडनच्या प्राइड मोर्चाच्या, म्हणजे समलिंगींच्या वार्षिक मोर्चाच्या, अग्रभागी वेल्सचे खाणकामगार आपला बॅनर घेऊन चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव आला, तेव्हा खाणकामगार युनियनने आपली गठ्ठा मतं त्याच्या बाजूने टाकली. त्या मुलांनी आधी 'आपली माणसं' शोधली असती, तर ती लंडनमध्येच एकमेकांत बसून राहिली असती.

आता दुसरी बाजू बघ. तुझ्या गटाने चर्चेसाठी किबुत्झचं, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतवसाहतींचं, उदाहरण घेतलंय, असं तू लिहितेस. 1910 मध्ये पॅलेस्टाइनमध्ये त्यातलं पहिलं, देगानिया, उभं राहिलं. सामायिक मालकी, सामायिक भोजनगृह, मुलांचं संगोपनही सामायिक. आतल्या समतेबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. त्या लोकांनी घाम गाळला. पण ती समता कुंपणाच्या आत होती. शेजारचा अरब शेतकरी तिच्यात कधी मोजलाच गेला नाही. इस्रायलचं राज्य उभं राहिल्यावर जवळच्या वस्त्यांमधले, अरब देशांतून नव्याने आलेले पौर्वात्य ज्यू तिथे रोजंदारीवर राबायला लागले. सभासद म्हणून नव्हे. आत समाजवादी, कुंपणाबाहेर मालक. 1980 च्या दशकात कर्जाचा डोंगर झाला आणि मग बऱ्याच ठिकाणी कमी-जास्त पगारही सुरू झाले. मला त्या शेवटाचं नवल वाटत नाही. कोणाला मोजायचं नाही हे एकदा ठरवलं की ती यादी वाढतच जाते.

स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोनचंही तेच दुखणं. 1956 पासून कामगारांच्या मालकीचे कारखाने, एक सभासद एक मत, वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर बांधून घातलेलं. मी त्यांना मानते. पण त्यांनी परदेशात उघडलेल्या कारखान्यांतले बहुतेक कामगार सभासद नाहीत, नुसते नोकर आहेत. इतक्या शहाण्या लोकांना ही गाठ अजून सुटलेली नाही, मग तुम्हा आठ-नऊजणांची काय कथा?

तू म्हणशील, येईल त्याला घेतलं तर न्यू हार्मनी होतं. अभ्यास केला आहेस, ते दिसतंय. रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश समाजवादी गिरणीमालकाने 1825 मध्ये अमेरिकेत इंडियानात अख्खं गाव विकत घेतलं, यायला हाक दिली, शेकड्यांनी माणसं आली, वसाहतीची घटना पुन्हापुन्हा बदलली आणि 1827 पर्यंत सगळं विस्कटलं. तिथे नाना तऱ्हेचे लोक जमले होते, खरे ध्येयवेडे, आळशी बडबडे आणि काही लबाडसुद्धा, अशी ओवेनच्या मुलाचीच तक्रार होती. (त्या घटनेने गोरे नसलेल्यांना सभासदत्वातून वगळलं होतं हेही तुला माहीत असेल, 'येईल त्याला' मध्ये काळे धरलेले नव्हते.)

पण माणसं मिश्र होती म्हणून ते बुडालं, हे मला मान्य नाही. काम कोणी किती करायचं आणि त्याचा हिशेब कोणी ठेवायचा, हेच तिथे कधी धड ठरलं नाही. याच ओवेनच्या विचारांवर वाढलेले काही विणकर आणि त्यांचे सोबती 1844 च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये टोड लेनवर एक दुकान उघडतात. 28 जण, 28 पौंड भांडवल. विकायला लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, बास. पण नियम चोख: रोखीने व्यवहार, उधारी नाही, भेसळ नाही, माणशी एक मत, नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा, आणि सभासद व्हायला दार कोणालाही उघडं. बायकांनासुद्धा, आणि तेही त्या काळात. जगभरच्या सहकारी चळवळीने तेच नियम पुढे नेले. न निवडलेल्या माणसांबरोबर राहायचं तर वही लागते, पाळी लागते, इतिवृत्त लागतं. मित्रांना वाटतं, आपल्यात कशाला हे. म्हणून मित्रांचे संसार लवकर मोडतात.

1970 च्या सुमाराला अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांनी नेता नको, पदं नकोत असं ठरवलं होतं. जो फ्रीमन या त्याच चळवळीतल्या कार्यकर्तीने तेव्हाच बजावलं होतं की रचना नाही असं म्हटल्याने सत्ता जात नाही. ती मैत्रीच्या वर्तुळात जाऊन बसते, आणि तिथून तिला हलवणं फार अवघड. कारण तिथे निवडणूक नसते, जाब विचारायला जागाच नसते. तुमच्या गटात निर्णय कोण घेतं? 'सगळे मिळून' हे उत्तर मला देऊ नकोस.

आता बायकोला मारणाऱ्या त्या सभासदाबद्दल. त्याच्याशी एकजूट कर याचा अर्थ त्याचं चालवून घे असा लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आमच्या संघटनेतही असे होते. घरात हिंसा करणाऱ्याला पदावर राहता येणार नाही, असा ठराव मी मांडला तेव्हा तो पडला. लोक हसले. घरातलं घरात ठेवा म्हणाले. पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडला, पुन्हा पडला, थोड्या मतांनी. मग पास झाला. आता दोन पदाधिकारी त्याखाली गेले आहेत, त्यातला एक माझा जवळचा सहकारी होता.

या सगळ्या काळात माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तिथे नव्हती. पहिला ठराव पडला त्याच आठवड्यात ती निघून गेली, तुझ्यासारखीच, आपल्या माणसांत. नीट राहिली असं ऐकते. तिच्यावर रागावून मी बरीच वर्षं घालवली. आता राग नाही, पण दुसऱ्या वेळचे आकडे मला अजून पाठ आहेत आणि ती व तिच्याबरोबर गेलेल्या चौघीजणी असत्या तर ठराव तेव्हाच पास झाला असता, हेही. तिला हे मी कधी सांगितलं नाही. बोलणंच राहिलं नाही. मी चिवट आहे, हटवादी आहे, असं माझ्यामागे म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. असू दे. हटवादी बाईमुळे निदान तो नियम कागदावर आहे. त्या मधल्या वर्षांत घरी मार खाणाऱ्या बायकांना तो नव्हता, याची बोच मात्र जात नाही.

अर्जेंटिनात न्यूकेन प्रांतातल्या झानोन टाइल्स कारखान्याचं नाव तू ऐकलं असशील. 2001 मध्ये मालकाने दारं बंद केली, कामगारांनी आत शिरून भट्ट्या पुन्हा पेटवल्या. कारखाना चालायला लागल्यावर नव्या जागा भरायच्या होत्या. आपल्या भावाला, मेव्हण्याला चिकटवणं सोपं होतं. त्यांनी बेरोजगारांच्या संघटनांमधून माणसं घेतली. 2003 मध्ये पोलीस ताबा घ्यायला आले तेव्हा दाराशी हजारो लोक उभे होते आणि पोलिसांना परतावं लागलं. 2009 मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने कारखाना कायद्याने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे दिला. ते हजारो लोक काही त्यांचे मित्र नव्हते.

आपल्याकडे छत्तीसगडमधल्या दल्ली राजहऱ्याच्या लोहखनिज खाणींतल्या कामगारांनी त्यांचे नेते शंकर गुहा नियोगींच्या काळात श्रमदानातून शहीद रुग्णालय उभारलं, 1983 मध्ये. सभासद असो वा नसो, आजारी माणूस तिथे येऊ शकत होता. संप आणि दवाखाना एकाच युनियनने चालवला. तुला 'इकडे की तिकडे' असा प्रश्न पडलाय. त्यांना तो पडलेला दिसत नाही. तुम्ही जमीन घ्या, पण संघटना सोडू नका. आणि त्या आठ-नऊंत निदान दोन माणसं अशी घ्या जी तुम्हाला आवडत नाहीत. थट्टा करत नाहीये.

साठवलेले सगळे पैसे त्यात घालू का, हे तू शेवटी, ताजा कलमात विचारलंस. खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा होता. घाल, पण सगळे नको. सोडून जाणाऱ्याला त्याचा वाटा किती, कधी आणि कोणत्या हिशेबाने परत मिळणार, हे आधी कागदावर आण, सगळ्यांच्या सह्या घे, संस्था नोंदवून घ्या. तोवर एक पैसाही देऊ नकोस. 'आपल्यात कशाला ही लिखापढी' असं जो कोणी म्हणेल, त्याचा फोन नंबर मला पाठव. मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
ताई