टी-शर्टवरचा चे गव्हेरा, पैसे कुणाला?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, परवा फॅशन स्ट्रीटवरून चे गव्हेराचा टी-शर्ट घेऊन आला. हा कोण विचारलं तर म्हणे कुठल्यातरी बँडचा सिंगर असेल! जो माणूस भांडवलशाहीविरुद्ध लढता लढता मेला त्याचाच असा बाजार? कुणी अडवत कसं नाही आणि हे पैसे जातात तरी कुणाला?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पैसे जातात छापणाऱ्याला आणि विकणाऱ्याला. ज्याने फोटो काढला त्याला या टी-शर्टांमधून दमडी मिळाली नाही, आणि गंमत म्हणजे त्याने मागितलीही नाही.

चे गव्हेरा म्हणजे क्यूबाच्या क्रांतीतला एक मोठा नेता. त्याचा हा फोटो क्यूबाची राजधानी हवानातला, 5 मार्च 1960 चा. आदल्या दिवशी बंदरात शस्त्रं घेऊन आलेल्या ला कूब्र जहाजात स्फोट होऊन बरीच माणसं गेली होती, त्यांच्या शोकसभेत गव्हेरा क्षणभर स्टेजच्या पुढे आला आणि अल्बेर्तो कोर्दा या फोटोग्राफरने पटकन दोन फ्रेम मारल्या. पेपरवाल्यांनी काही तेव्हा तो छापला नाही. मग कोर्दाने बाजूचा माणूस आणि झाडाची झावळी कापून तो आपल्या स्टुडिओतच भिंतीला लावला, आणि तो तिथेच राहिला, ते थेट 1967 मध्ये फेल्त्रिनेल्ली नावाचा इटालियन प्रकाशक आला आणि कोर्दाने त्याला दोन प्रिंट फुकट देऊन टाकल्या तोपर्यंत. त्याच ऑक्टोबरात बोलिव्हियात गव्हेराला पकडून मारलं आणि पोस्टरं धडाधड निघाली. पुढच्या वर्षी आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिकने त्याचं लाल-काळं सपाट चित्र केलं आणि कुणीही वापरा म्हणून सोडून दिलं. आता बघा, चित्र फुकट आणि स्क्रीन प्रिंटिंगला दोन शाईत काम होतंय, मग कोण सोडणार?

कोर्दा चिडला तो एकदाच म्हणजे अगदी म्हातारपणी, 2000 मध्ये, जेव्हा तो चेहरा स्मिर्नॉफ वोडकाच्या जाहिरातीत दिसला. लंडनला केस केली, तडजोडीत सुमारे 50 हजार डॉलर मिळाले ते क्यूबातल्या मुलांच्या औषधांना देऊन टाकले. विचार पसरवायला फोटो वापरा, दारू खपवायला नको, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि क्यूबा तरी कुठे मागे आहे? तीन पेसोच्या नोटेवर हाच गव्हेरा, ती नोट हवानात टूरिस्टना आठवण म्हणून जास्त भावाने विकतात. (हा स्वतः तिथल्या नॅशनल बँकेचा प्रमुख होता तेव्हा नोटांवर सही नुसती ‘चे’ अशी ठोकायचा!)

मला विचाराल तर फोटोला पैसे पडले असते तर तो डोंबिवलीपर्यंत आलाच नसता आणि तुम्हीही हा प्रश्न विचारला नसता. मुलाला ओरडू नका. डॉक्टरकी शिकताना हा पठ्ठ्या मोटरसायकलवरून दक्षिण अमेरिका फिरायला निघाला होता तिथून सुरुवात करा, अकरावीतलं पोरगं नक्की ऐकेल. पण क्यूबातल्या क्रांतीनंतर 1959 मध्ये हवानातल्या ला काबान्याच्या किल्ल्यात याच्याच हाताखाली लोकांना गोळ्या घातल्या गेल्या तेही सांगा, ते शर्टावर छापलेलं नसतं. आणि हो, शर्ट उलटा करून धुवा, पहिल्या दोन-तीन धुण्यांत लाल रंग जातो.