बँकॉकहून काम करायचंय? वाचकांचे प्रश्न

माझी नोकरी पुण्यातल्या कंपनीत आहे. चार महिने बँकॉकहून काम करायला साहेबांची तोंडी परवानगी आहे. मित्र म्हणतात, पर्यटक म्हणून जा, लॅपटॉपवर काय करतोस ते कोण बघतंय?

मित्रांचं ऐकू नका. थायलंडने जुलै २०२४ मध्ये अशाच लोकांसाठी डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) नावाचा व्हिसा सुरू केला. त्याची मुदत ५ वर्षं असते आणि एका प्रवेशात १८० दिवस राहता येतं. वय किमान २० हवं. ५ लाख थाई बाट जमा असल्याचा पुरावा आणि थायलंडबाहेरच्या कंपनीत नोकरी असल्याची कागदपत्रं लागतात. अर्ज निघण्याआधी, भारतातूनच करायचा. या व्हिसावर थाई कंपनीत नोकरी मात्र करता येत नाही.

साहेबांचा होकार लेखी घ्या. व्हिसाला पत्र लागतंच, शिवाय परदेशातून लॉगिन झाल्याबरोबर आयटीवाल्यांनी खातं बंद केलं तर तोंडी परवानगीचा काही उपयोग नाही. एका कॅलेंडर वर्षात तिथे १८० दिवस भरले की थायलंडच्या करकायद्यानुसार तुम्ही रहिवासी ठरता. चार महिन्यांत तो प्रश्न येत नाही, पण मुक्काम वाढवावासा वाटला तर आधी सीएशी बोला.

खोली कुठे बघावी? फोटोत सगळ्याच छान दिसतात.

माझं मत ठाम आहे: खोली लहान चालेल, पण स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या आत हवी. बँकॉकची वाहतूक संध्याकाळी अक्षरशः थिजते, पाऊस पडला की विचारूच नका. त्या वेळी बीटीएस म्हणजे स्कायट्रेन आणि एमआरटी म्हणजे मेट्रो याच दोन गोष्टी वेळेवर पोहोचवतात. सुखुमवित या लांबलचक रस्त्याच्या मध्यवर्ती भागातलं भाडं झेपत नसेल तर त्याच स्कायट्रेन मार्गावर पुढे फ्रा खनोंग किंवा ऑन नुत बघा. उत्तरेला आरी शांत आहे.

नकाशा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सुखुमवित रस्त्याच्या एका बाजूच्या गल्ल्यांना, म्हणजे सोईंना, विषम आकडे आहेत आणि दुसऱ्या बाजूला सम, पण दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत. थोंग लो स्टेशनपाशी एकीकडे सोई ५५ आहे, तर दुसरीकडे सोई ३८. शिवाय सोई एखाद-दोन किलोमीटर आत जाते, म्हणून ‘थोंग लोमध्ये’ एवढ्या पत्त्यावर भुलू नका. तोंडाशी नारिंगी जाकीटवाले मोटारसायकल टॅक्सीवाले उभे असतात. रोज त्यांच्यावर विसंबावं लागणार असेल तर ती खोली लांब आहे असं समजा.

आधी आठवडाभर हॉटेलात राहा आणि खोली भर दुपारी जाऊन बघा. पश्चिमेची मोठी काच असेल तर एसी दिवसभर चालणार. मग विजेचा दर विचारा. सरकारी दर युनिटला ४ बाटच्या आसपास पडतो, पण कित्येक इमारती ७-८ लावतात, आणि घरून काम करणाऱ्याला तो फरक महिन्याच्या बिलात चांगलाच जाणवतो. शेजारी क्रेन उभी आहे का तेही बघा, नाहीतर प्रत्येक मीटिंगमध्ये ठाकठूक ऐकू येईल. तुमच्या मुक्कामाची नोंद मालकाने २४ तासांत इमिग्रेशनकडे करायची असते. मालक त्याला टाळाटाळ करत असेल तर तो करार करू नका.

मी शाकाहारी आहे, कांदा-लसूणही खात नाही. निभाव लागेल का?

लागेल, आणि चांगला लागेल. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘เจ’ असं लिहिलेलं दिसेल, उच्चार साधारण ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. इतरत्र नुसतं ‘भाज्या घाला’ म्हणालात तर माशांपासून केलेलं नाम प्ला हमखास पडतं. डाळी-मसाल्यांसाठी फाहुरात ही तिथली भारतीय वस्ती गाठा. मिक्सर न्यायला हरकत नाही, वीज २२० व्होल्टचीच आहे. आपली जाड तीन पिनांची प्लग मात्र तिथे बसत नाही, अडॅप्टर न्या.

क्लायंट न्यूयॉर्कचा आहे. वेळा जमतील?

तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे बँकॉकचे रात्रीचे आठ, त्यांच्या हिवाळ्यात नऊ. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात, तेव्हा को-वर्किंगचा, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात बसण्याचा, नाद सोडा आणि घरातच चांगलं टेबल-खुर्ची असलेली खोली घ्या.

मुलाला बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळालीय. एजंट म्हणतो, आधी पर्यटक म्हणून या, बाकीचं तिथे आल्यावर बघू. पाठवू का?

पाठवू नका. प्रश्न वेगळा असला तरी तो आल्याबद्दल मी तुमची आभारी आहे. खरा मालक नोकरीचा व्हिसा आणि वर्क परमिट यांची व्यवस्था करतो. अशा आमिषांना भुललेल्या कित्येक मुलांना बँकॉक विमानतळावरून जवळपास ५०० किलोमीटरवरच्या मे सॉटला नेऊन सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं गेलं. मार्च २०२५ मध्ये भारताला हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेहून अधिक जणांना मे सॉटहून परत आणावं लागलं. मुलाला पासपोर्टची प्रतही एजंटला देऊ देऊ नका. ऑफर लेटर बँकॉकच्या भारतीय दूतावासाला ईमेल करा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.