पाहिलं खरं, पण काय पाहिलं?

हिमालयातल्या तपकिरी अस्वलांवर मी लिहिलं, त्यात यतीचा, म्हणजे हिमालयातल्या कथांमधल्या त्या केसाळ हिममानवाचा, उल्लेख जेमतेम एका ओळीत होता. टपाल मात्र बहुतेक त्या एका ओळीवरच आलं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. यती आहेच, असं तो छातीठोकपणे सांगतो. मी विज्ञानाची पदवीधर. ‘असल्या भाकडकथांच्या नादी लागू नकोस’ असं त्याला म्हणाले. त्यावर त्याने ओकापी, सीलाकँथ आणि साओला अशी तीन नावं माझ्यापुढे ठेवली. ‘हेही असेच अचानक सापडले ना?’ म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. आता हा विषय निघाला की आम्ही दोघंही गप्प होतो. – एक आई

तुमच्या मुलाला माझी शाबासकी सांगा. तिन्ही उदाहरणं त्याने चोख निवडली आहेत. आता एकच करा: हे तिन्ही प्राणी सापडले कसे, ते दोघांनी मिळून वाचा. मी थोडक्यात सांगते.

ओकापी काँगोच्या जंगलातला. तिथल्या लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्याच्या कातड्याचे पट्टे ते वापरायचे. युरोपीय अभ्यासकांच्या हाती आधी तेवढे पट्टेच आले. त्यांच्यावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा बघून त्यांनी प्राण्याला थेट घोड्याच्या कुळात बसवलं. १९०१ मध्ये हॅरी जॉन्स्टन यांनी अख्खं कातडं आणि कवट्या पाठवल्या, तेव्हा कळलं की हा जिराफाचा भाऊबंद आहे. सीलाकँथ हा मासा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपला, असं जीवाश्मांवरून मानलं जात होतं. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात तो आला आणि मार्जरी कोर्टने-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुण अभ्यासिकेने ढिगाऱ्यातून त्याला नेमकं हेरलं. दुसरा नमुना मिळायला १९५२ उजाडलं. तो कोमोरो बेटांजवळ मिळाला, आणि तिथल्या कोळ्यांकडे त्या माशाला आधीपासून नाव होतं: गोंबेसा. त्यांच्या गळाला तो अधूनमधून लागायचाच. साओलाची गोष्ट तर मला सर्वांत जवळची वाटते. १९९२ मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांग जंगलात पाहणी करणाऱ्यांना शिकाऱ्यांच्या घरांत लांब, सरळ, अनोळखी शिंगं दिसली. शिंगांचा धनी, गाईगुरांच्या कुळातला एक प्राणी, शास्त्राला अगदीच नवा निघाला. आजवर एकाही जीवशास्त्रज्ञाने रानात मोकळा साओला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी साओला हा खराखुरा प्राणी आहे याबद्दल कुणालाही शंका नाही. कारण शिंगं आहेत, कातडी आहेत, डीएनए आहे, कॅमेरा ट्रॅपमधली, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतली, छायाचित्रं आहेत.

म्हणजे यातला एकही प्राणी फक्त बोलण्यातून पुढे आला नाही. कुणाच्या घरात शिंग होतं, कुणाच्या कमरेला कातडं होतं, कुणाच्या जाळ्यात मासा होता. स्थानिक माणूस सांगत होता आणि त्याच्या सांगण्याबरोबर हातात घेता येईल असं काहीतरी येत होतं.

यतीच्याही वस्तू होत्या, म्हणूनच त्याची गोष्ट मला मोलाची वाटते. नेपाळमधल्या खुमजुंगच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, यतीचं म्हणून एक शिरस्त्राण जपलेलं आहे, केसांसकट डोक्याच्या कातडीसारखं. १९६० मध्ये एडमंड हिलरी यांनी ते गावाकडून उसनं मागून घेतलं आणि गावचे एक मानकरी, खुंजो चुंबी, ते घेऊन त्यांच्याबरोबर अमेरिका-युरोपात गेले. तपासणीत ते सेरो या रानशेळीसारख्या प्राण्याच्या कातड्याचं निघालं. पांगबोचे इथल्या यतीच्या हाताचं म्हणून जे बोट लंडनच्या संग्रहालयात होतं, ते २०११ मध्ये माणसाचं ठरलं. पुढे २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले: हाडं, दात, केस, कातडं, विष्ठा. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

मुलाला हे जिंकल्याच्या सुरात सांगू नका. त्याने विचारलेला प्रश्न बरोबर आहे. साओलाची वस्तू तपासली तर साओला मिळाला. यतीची तपासली तर दर वेळी ओळखीचा प्राणी मिळाला. एवढाच फरक आहे, आणि तो त्याला स्वतःला दिसू द्या. ‘भाकडकथा’ हा शब्द मात्र मागे घ्या. ज्यांनी ते शिरस्त्राण पिढ्यान्‌पिढ्या सणाला बाहेर काढलं, त्यांनी कुणाला फसवलेलं नाही.

मी आता सदुसष्ट वर्षांचा आहे. १९८८ साली नेपाळात लांगटांगच्या वरच्या अंगाला, सकाळी बर्फावर मी स्वतः पावलं पाहिली. माणसासारखी, पण माझ्या बुटाच्या दीडपट. एकामागे एक, दोनच पायांची. मित्र हसतात. मी खोटं बोलतोय असं तुम्हालाही वाटतं का? – एक जुना गिर्यारोहक

नाही. तुम्ही पावलं पाहिली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती कुणाची, एवढ्यापुरताच आपला प्रश्न आहे. माझ्यावरही अशी वेळ आली होती, म्हणून आधी ते सांगते.

मी चौतीस वर्षांची असताना अस्वलांच्या पाहणीसाठी झंस्करमध्ये होते. सोबत वाटाड्या म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे मेमे म्हणायचो, लडाखी बोलीत मेमे म्हणजे आजोबा. उन्हं कलली होती. ओढ्यापलीकडच्या चढावर, एका खडकाशेजारी, कुणीतरी उभं होतं. दोन पायांवर. हात बाजूला सोडलेले. मान जवळजवळ नाहीच. माझ्या वहीत तेव्हाची ओळ आजही आहे: ‘उंची साडेसहा फूट, खांदे फार रुंद, आपल्याकडे बघतंय.’ अंगावर काटा आला होता. मग त्याने पुढचे पाय खाली टाकले आणि ते चढाने निघून गेलं. मेमे शांतपणे म्हणाले, ‘डेनमो.’ तपकिरी अस्वल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढा ओलांडून त्या खडकापाशी गेलो. पुरुषभर वाटलेला तो खडक माझ्या छातीपर्यंत आला. अस्वलाचं डोकं त्याच्या थोडंसंच वर होतं. म्हणजे जेमतेम पाच फूट. माझे डोळे तयार होते, दुर्बीण चांगली होती, आणि मी अस्वल शोधायलाच गेले होते. तरीही दीड फूट मी पदरचा घातला. तेवढ्या दहा-बारा सेकंदांत धुकं उतरलं असतं, तर तो प्राणी चार पायांवर आलेला मला दिसलाच नसता, आणि आज मीही तुमच्यासारखीच कुणाला तरी पत्र लिहीत असते.

आता तुमची पावलं. अस्वल कुत्र्या-मांजरासारखं बोटांवर चालत नाही. आपल्यासारखं टाच टेकवून चालतं. त्याच्या मागच्या पावलाचा ठसा त्यामुळे माणसाच्या अनवाणी पावलासारखाच दिसतो. शिवाय चालताना मागचं पाऊल बरेचदा पुढच्या पावलाच्या खुणेवर थोडं चढून पडतं. दोन ठशांचा एक लांबलचक ठसा होतो, आणि चार पायांची चाल दोन पायांची वाटू लागते. त्यावर ऊन पडलं की कडा वितळतात, ठसा चहूबाजूंनी पसरतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये मकालू शिखराच्या तळाजवळ भारतीय सैन्याच्या गिर्यारोहण पथकाला दिसलेली पावलं ३२ इंच लांब होती. माणसाचं पाऊल त्याच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास असतं. त्या हिशेबाने बघितलं तर चालणारा अठरा-एकोणीस फुटांचा हवा. एवढं धूड जिथून गेलं, तिथला बर्फ फक्त पावलांपुरता दबून कसा राहील?

तुमच्याकडे तेव्हाचे फोटो असतील तर भिंगाखाली एक गोष्ट बघा: मोठं बोट कोणत्या बाजूला आहे? माणसाचा अंगठा पावलाच्या आतल्या अंगाला असतो. अस्वलाचं उलट असतं. त्याचं आतलं बोट सर्वांत लहान आणि बाहेरचं मोठं. नुसत्या एका ठशावरून डावा-उजवा ठरवता येत नाही, त्यासाठी ओळीने चार-पाच ठसे लागतात. १९५१ मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर घेतलेला फोटो जगभर गाजला. त्यात ठशाशेजारी मापासाठी आइस-अ‍ॅक्स ठेवलेली आहे. ही सवय चांगली. पुन्हा कुणाला अशी वाट दिसली, तर मापाची वस्तू ठेवून सलग वीस ठशांचे फोटो घ्या, आणि वाट सावलीत शिरते तिथपर्यंत जा. सावलीतले ठसे वितळलेले नसतात. वाटेत केस मिळाले तर स्वच्छ चिमट्याने कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते.

आणखी एक, कारण हा गोंधळ आपल्या भाषेत हमखास होतो. आपल्याला ‘यती’ म्हटलं की संन्यासी आठवतो, आणि मग हिमालयात तपाला बसलेला कुणी केसाळ पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. या दोन शब्दांचा काही संबंध नाही. हिमालयातला यती तिबेटी भाषेतून आला, आणि अनेक अभ्यासक त्याची फोड ‘खडकाळ जागेतलं अस्वल’ अशी करतात. त्यातला अस्वलाचा शब्द आणि मेमेंच्या ‘डेनमो’तला शब्द मुळात एकच. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर हॉवर्ड-बरी यांना उंचावर ठसे दिसले. स्वतः त्यांनी ते लांडग्याचे असावेत असं लिहिलं होतं. हमालांनी सांगितलेल्या नावाचं कोलकात्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रातून मोडतोड होऊन ‘भयंकर हिममानव’ असं भाषांतर झालं, आणि जगाला त्या भाषांतराचंच वेड लागलं. शेर्पांना त्यांच्या शब्दाचा अर्थ कुणी नीट विचारलाच नाही. मला याचं अजून वाईट वाटतं.

जायगँटोपिथेकस नावाचा महाकाय वानर आशियात होताच ना? त्याचाच वंशज उरला असेल तर? – महाविद्यालयीन विद्यार्थी

होता. १९३५ मध्ये फॉन क्योनिग्सवाल्ड यांना त्याची पहिली दाढ हाँगकाँगमधल्या चिनी औषधांच्या दुकानात मिळाली. तिथे अशा दाढा ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकायच्या. पण आजवर त्याचे दात आणि मोजके जबडेच मिळालेत. त्याखालचं एकही हाड नाही, त्यामुळे तो दोन पायांवर चालायचा असं म्हणायला काहीही आधार नाही. तो ओरांगउटानच्या जवळचा, दक्षिण चीनच्या दाट जंगलात झाडपाल्यावर जगणारा. जंगल बदललं तसा दोन-तीन लाख वर्षांपूर्वी संपला. त्याला उघड्या बर्फात आणून सोडलं तर खाणार काय?

तुम्ही शास्त्राची माणसं ‘पुरावा मिळालेला नाही’ असं म्हणून निसटता. आहे की नाही, ते एका शब्दात का सांगत नाही? – एक नाराज वाचक

नाही. हिमालयात माणसासारखा दोन पायांवर चालणारा, शास्त्राला माहीत नसलेला मोठा वानर नाही.

पन्नास वर्षांपूर्वी मी इतकं ठाम बोलले नसते. आज बोलते, कारण मधल्या काळात त्या डोंगरात काय काय घडलं ते मला माहीत आहे. भारतात हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी गणना २०१९ ते २०२३ या काळात झाली. १,९७१ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते आणि माणसांनी १३,४५० किलोमीटर वाटा पायी तुडवल्या. हिमबिबट्या दगडात दगड होऊन बसणारा प्राणी. शेजारून जाऊनही दिसत नाही. तरी २४१ वेगवेगळे हिमबिबटे छायाचित्रांत ओळखता आले, आणि देशात एकंदर ७१८ असावेत असा अंदाज निघाला. मोठा प्राणी एकटाच हजार वर्षं जगत नाही. त्याला जोडीदार लागतो, पिल्लं लागतात, निदान शे-दोनशेंची संख्या तरी लागते. त्यांतली काही दर हिवाळ्यात मरतात. त्यांची हाडं कुठे आहेत?

माझं मत बदलायला फार काही लागणार नाही. एक दात पुरे. त्यातला डीएनए दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासला आणि तो कुठल्याच ओळखीच्या प्राण्याशी जुळला नाही, तर पुढच्याच अंकात माझी चूक मी कबूल करीन, आणि फार आनंदाने करीन.

या शोधात हाती काहीच लागलं नाही, असंही नाही. लिंडक्विस्ट यांच्या त्या अभ्यासातून कळलं की हिमालयातलं तपकिरी अस्वल इतर तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वीच वेगळं झालं. इतकी जुनी, वेगळी शाखा, आणि तीही आता फार थोडी उरलेली. यतीसाठी डोंगर पालथे घालणाऱ्यांच्या पुढ्यात ती चालत होती.

आजी, मी अकरा वर्षांची आहे. मला मोठी होऊन नवीन प्राणी शोधायचा आहे. पण बाबा म्हणतात, सगळे मोठे प्राणी सापडून झाले. खरं का? – पाचवीतली मैत्रीण

नाही गं. बाबांना अरुणाचलच्या माकडाची गोष्ट सांग. २००४ मध्ये आपल्याच देशातल्या अभ्यासकांना अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम भागात, उंच डोंगरांत, एक दणकट, गडद रंगाचं माकड दिसलं. शास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला नाव मिळालं, मकाका मुंझाला. मुंझाला हा तिथल्या मोन्पा लोकांचा शब्द, अर्थ ‘गर्द जंगलातलं माकड’. म्हणजे त्या लोकांकडे त्याचं नाव आधीपासूनच होतं. ते माकड त्यांच्या पिकांत घुसायचं!

आता तर प्राणी न दिसताही त्याचा माग काढता येतो. स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यात राक्षसी जलचर आहे असं म्हणतात ना, तिथे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी नुसतं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि पाण्यात विरघळलेला डीएनए वाचला. सरपटणाऱ्या मोठ्या प्राण्याचा मागमूस नव्हता, वाम माशांचा मात्र भरपूर होता. तू मोठी होशील तेव्हा ही यंत्रं हातात मावतील एवढी झालेली असतील.

तोवर एक वही कर. कुणी म्हणालं, ‘आमच्या शेतात माकडं येतात,’ तर लगेच पुढे जाऊ नकोस. थांबून विचार: किती येतात, रंग कसा, तोंड काळं की लाल, आणि शेपूट केवढी? मुंझाला ओळखताना त्या अभ्यासकांनी शेपटीची लांबी फार बारकाईने बघितली होती.