क्लोनिंगचं टेन्शन सोड, टिश्यूचं घे

तुझा मेल वाचला, थिसिसचा सिनॉप्सिस पण बघितला. दख्खनी मेंढीतला बीएमपीआर-वनबी जीन (जुळी होण्याशी संबंध असलेला) क्लोन करायचा, म्हणजे त्याच्या प्रती काढायच्या, आणि मग सगळ्या टिश्यूंमध्ये, म्हणजे अवयवांच्या तुकड्यांत, त्याचं एक्सप्रेशन, म्हणजे तो कुठे किती चालतो, ते बघायचं, विषय छान आहे. फक्त क्लोनिंगवर तू चार पानं घालवलीयेस आणि टिश्यू कलेक्शन दोन ओळीत उरकलंयस, खरं दुखणं तर तिथेच आहे.

क्लोनिंग होतं रे. मेंढीचा जीनोम आता कोणालाही फुकट बघता येतो, प्रायमर (पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्यावरून काढायचे, सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, त्यावरून पीसीआर करून जीनच्या भरपूर प्रती काढायच्या, त्या टीए व्हेक्टर या वाहक डीएनएमध्ये टाकून डीएच-फाइव्ह-अल्फा या बॅक्टेरियात घालायचं, पांढऱ्या कॉलनी, म्हणजे जीन शिरलेल्या, उचलायच्या, झालं. एवढंच बघ की एकाच क्लोनवर विश्वास ठेवू नकोस, पीसीआरचं टॅक एन्झाइम प्रती काढताना चुका करतं, तीनचार क्लोन दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स कर, नाहीतर एन्झाइमची चूक तू नवीन म्युटेशन म्हणून छापशील.

आता टिश्यू. खाटिकाकडे जाऊन अंडाशय आणलं, बर्फात घालून संध्याकाळी लॅबला पोचलं, असं अजिबात नको. आरएनए (जीन चालू असताना निघणारी त्याची नक्कल, एक्सप्रेशन मोजायचं ते याच्यावरून) तोपर्यंत खराब होत गेलेला असतो, आणि पॅनक्रियासचा तर सगळ्यात आधी. जागेवरच लहान लहान तुकडे करून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकायचे. आणि प्रत्येक मेंढीची नोंद ठेव, वय, गाभण आहे का, माजावर होती का. मेंढीचं माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं, त्यात अंडाशय रोज बदलतं, मग तीन मेंढ्या तीन वेगळ्या दिवसांवरच्या घेऊन सरासरी काढलीस तर ती कशाची सरासरी? शिवाय हा जीन अंड्यात पण चालतो आणि अंड्याभोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशींत पण, अख्खं अंडाशय वाटून घेतलं की दोन्ही एकात मिसळले, कोणाचं किती ते कळणार नाही.

जीनोटाइप, म्हणजे कोणत्या मेंढीत जीनचं कोणतं रूप आहे, ते तर आधीच तपास, ते सिनॉप्सिसमध्ये कुठे दिसलंच नाही मला!! याच जीनमध्ये फेकबी नावाचं म्युटेशन आहे ना, डीएनएत ७४६ व्या जागी ए या अक्षराऐवजी जी, त्यामुळे प्रोटीनमध्ये २४९ व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन येतं आणि मेंढीला जुळी व्हायला लागतात. २००१ मध्ये हे कळलं, ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांवरून. पण तिकडे ते १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांकडून गेलं असं मानतात, आणि फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गारोल मेंढीतून तेच दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही नवी मेंढी तयार केली. म्हणजे तुझ्या भागातल्या कळपात कोण कॅरियर आहे, म्हणजे कोणात हे म्युटेशन आहे, ते नुसतं बघून सांगता येणार नाही. टेस्ट सोपी आहे, पीसीआर करून अव्हा-टू एन्झाइमने कापायचं, साधी मेंढी असेल तर १९० बेसचा बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) तसाच राहतो, म्युटेशनच्या दोन्ही कॉपी असतील तर १६०, एकच असेल तर दोन्ही बँड. जेल जरा घट्ट घे, ३० बेसचाच फरक आहे.

आणि हे डिस्कशन लिहिताना आठव, म्युटेशन प्रोटीनची रचना बदलतं, आरएनए किती बनतो ते बदलायलाच हवं असं नाही. त्यामुळे "अंडाशयात एक्सप्रेशन जास्त म्हणून जुळी" असं वाक्य लिहिलंस तर व्हायव्हाला कोणीतरी धरणारच. आरएनए सापडला म्हणजे तिथे आरएनए आहे, बस. प्रोटीन बघायचं असेल तर वेस्टर्न ब्लॉट नाहीतर इम्युनो (दोन्हीत अँटीबॉडीने प्रोटीन ओळखतात) करावं लागेल, गाइडला विचार अँटीबॉडीचं बजेट आहे का.

जीएपीडीएच हा जीन एकटा रेफरन्स, म्हणजे तुलनेचं माप, म्हणून घेऊ नकोस, स्नायू आणि लिव्हरमध्ये तो सारखा नसतो, दोनतीन जीन तपासून मग ठरव. डीएनेस ट्रीटमेंट (मिसळलेला डीएनए काढून टाकायला) आणि आरटी, म्हणजे सीडीएनए बनवणारं एन्झाइम, न घातलेला कंट्रोल, हे दोन्ही प्रत्येक सॅम्पलला.

कलेक्शनचा तक्ता नव्याने करून पाठव, मेंढी, वय, माजाची स्थिती, जीनोटाइप, टिश्यू, कॉलम एवढेच. प्रायमरची ऑर्डर तोवर थांबव.