"आळशी झालीय की खरंच दमलीय, एवढंच सांगा मॅडम"

खेळणाऱ्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा खेळ वेगळा असतो, वय वेगळं असतं, पण प्रश्न साधारण हाच. कालपर्यंत मैदान सोडायला तयार नसायची, आता बॅग भरायची म्हटली तरी चिडचिड करते, नाटक करतेय का खरंच काही झालंय? इतक्या जणांनी विचारून झालंय की एकदा नीट लिहूनच टाकते. ज्या मुलीची गोष्ट सांगतेय तिची ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे आलंय.

सोळा वर्षांची, पोहणारी, मुख्य इव्हेंट ४०० मीटर फ्रीस्टाइल. टायमिंग काही महिन्यांपासून खाली यायचं सोडून वर चाललेलं. यावर सगळीकडे होतं तेच झालं, टायमिंग बिघडलं म्हणून प्रॅक्टिस वाढवली, प्रॅक्टिस वाढवली म्हणून टायमिंग आणखी बिघडलं, आणि मग "मन लावून करत नाही" हा शिक्का बसला. वडिलांनी मोबाईलमध्ये तिच्या प्रत्येक शर्यतीचा तक्ता ठेवलेला, पहिल्याच भेटीत त्यांनी तो माझ्यासमोर धरला. सेकंदाचे शंभरावे भागसुद्धा होते त्यात, फक्त ती किती झोपते हे कुठे नव्हतं.

मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, हे मी नेहमीच करते. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, लोह, थायरॉईड, अंगात मुरलेलं इन्फेक्शन हे सगळं बघून घ्यायलाच हवं, आणि मुलींच्या बाबतीत पाळी थांबलीय किंवा लांबतेय का हेही. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती यांच्यावरचा खर्च कमी करायला लागतं, "मेहनत जास्त आहे म्हणून चुकली असेल" म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नाही. हिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. वडील म्हणाले, "म्हणजे काहीच झालेलं नाही ना!"

इथेच लोक फसतात. अतिसराव, म्हणजे शरीराला सावरायला पुरेसा वेळ न देता सराव होत राहणं, याचं निदान करणारी एक अशी टेस्ट अजून नाहीच. २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या क्रीडाविज्ञान संस्थांनी मिळून याबद्दल निवेदन काढलं होतं, त्यातही हेच आहे, की बाकीची कारणं एकेक करून वगळायची आणि मग उरतं ते हे. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "ठणठणीत आहे" असा होत नाही, "आता सराव आणि विश्रांतीचा हिशोब बघा" असा होतो. जोरदार सरावानंतर काही दिवस कामगिरी खाली जाणं ठीक आहे, मुद्दाम तसं करतातही, विश्रांती मिळाली की खेळाडू आधीपेक्षा वर येतो. पण विश्रांती देऊनही आठवडेच्या आठवडे ती वर येत नसेल तर गाडी पुढे गेलेली असते, आणि खऱ्या अतिसरावातून बाहेर यायला कित्येक महिने लागू शकतात.

आता मुलीबद्दल. पहिल्या भेटीत "माहीत नाही" सोडून ती फारसं काही बोलली नाही. मी पोहण्याबद्दल विचारणंच सोडलं. पुढच्या वेळी एवढंच विचारलं, "सकाळी गजर वाजतो तेव्हा डोक्यात पहिलं काय येतं?"

"आज पूलचा पंप बिघडलेला असू दे."

मला हसूच आलं, तीही हसली. मग मी म्हटलं, "आणि पंप चालूच असला तर?"

बराच वेळ ती टॉवेलचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "मग वाटतं खांदा दुखावा. थोडा नाही, चांगला दुखावा. म्हणजे सर स्वतःच म्हणतील जा घरी. मला काही बोलावं लागणार नाही."

हे वाक्य मी याआधीही ऐकलंय, वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून, कुणाला गुडघा हवा असतो, कुणाला ताप. आणि दर वेळी मला खात्री पटते की मूल आळशी नाही. आळशी मूल दांडी मारतं, बहाणा करतं, झोपून राहतं. हिला दांडी मारायचीच नव्हती, हिला कुणीतरी रजा द्यायला हवी होती. दुखापत ही अशी एकच रजा आहे की जिच्यात कुणी "मनापासून करत नाहीस" म्हणत नाही, उलट लाड होतात. तिला पाण्याचा कंटाळा आलेला नव्हता. पूलमध्ये काय करायचं, किती करायचं, कधी थांबायचं यातलं काहीच तिचं राहिलं नव्हतं, त्याचा हा थकवा होता.

तुमच्या घरात हे तपासायची माझी एक साधी पद्धत आहे. अतिसरावात बहुतेक वेळा मनाला खेळायचं असतं, शरीर साथ देत नाही, पाय जड, झोप तुटलेली, सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढलेली, सर्दीखोकला मागे लागलेला. बर्नआउटमध्ये, म्हणजे खेळाने मनच पार थकून जातं तेव्हा, शरीर एखाद्या वेळी ठीकही असतं पण मन उठत नाही, "काय फरक पडतो" सुरू होतं, जिंकलं तरी चेहऱ्यावर काही नाही. आठवडाभर पूर्ण सुट्टी द्या आणि बघा, इच्छा परत येते का सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो. अर्थात हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, हिच्यात मिसळलेले होतेच.

समाजशास्त्रज्ञ जे कोकली याने १९९२ मध्येच म्हणून ठेवलंय की किशोरवयीन खेळाडूंचा बर्नआउट म्हणजे मुलाची मानसिक कमजोरी नाही, आपण खेळ ज्या पद्धतीने बांधून ठेवलाय त्याचा तो परिणाम आहे, मुलाच्या हातात काही निर्णय नसतो आणि खेळाडू सोडून दुसरी ओळखही उरत नाही. मी याच बाजूची आहे, लपवत नाही. म्हणून "मन खंबीर करा", "पॉझिटिव्ह विचार करा" हे माझ्याकडे फारसं मिळत नाही.

मग वडिलांना आत बोलावलं. ते म्हणाले, "मी तर कधीच सांगितलंय, नको असेल तर सोडून दे."

ती खाली बघूनच म्हणाली, "तुम्ही म्हणता बाबा, पण मग दोन दिवस माझ्याशी बोलत नाही."

यावर ते काहीच बोलले नाहीत, आणि मीही मध्ये पडले नाही. ती जे खांद्याकडून बोलवून घेणार होती ते ती स्वतःच्या तोंडाने बोलली होती, माझं निम्मं काम तिथेच झालं.

थोड्या वेळाने त्यांनी खरी भीती बोलून दाखवली, ब्रेक घेतला तर मागे पडेल. ही भीती खोटी नाही, पण मी त्यांना ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू ॲश बार्टी हिचं उदाहरण दिलं. २०१४ मध्ये अठराव्या वर्षी टेनिस सोडून गेली, मधल्या काळात चक्क व्यावसायिक क्रिकेट खेळली, २०१६ मध्ये परतली आणि २०१९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकून जगात नंबर एकला पोचली. विराट कोहलीने २०२२ मध्ये महिनाभर बॅट हातात घेतली नव्हती, दहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि आपण जोश असल्याचं ढोंग करत होतो हेही त्याने मोकळेपणाने सांगितलं. ब्रेक घेतला की सगळेच असे परततात असं नाही, पण ब्रेक म्हणजे शेवट नव्हे एवढं तरी यातून दिसतं.

आम्ही ठरवलं ते असं. दोन आठवडे पूल पूर्ण बंद. त्यानंतर आठवड्यातले कुठले दिवस जायचं ते ती ठरवणार. घरी येताना गाडीत पोहण्याचा विषय तिने काढला तरच निघणार, हे वडिलांना सगळ्यात जड गेलं. आणि प्रॅक्टिस संपल्यावर अर्ध्या तासाने तिने वहीत एक आकडा लिहायचा, आज किती कठीण गेलं, शून्य ते दहा, आणि त्याला प्रॅक्टिसच्या मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं आणि कठीणपणा सात, म्हणजे ६३०. ही पद्धत कार्ल फॉस्टर नावाच्या शास्त्रज्ञाची आहे, यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

कोच सर सुरुवातीला नाराज होते, त्यांना वाटलं मी मुलीला फितवतेय. पण वहीतल्या आकड्यांनी ते बदलले. ज्या दिवसाला ते "हलका दिवस" म्हणत होते, त्याला तिने सात दिलेले! म्हणजे कागदावर आठवडा चढउताराचा होता आणि तिच्या अंगावर रोज सारखाच पडत होता, आणि रोज सारखाच भार हाही एक धोकाच असतो. आता ते त्यांच्या सगळ्या ग्रुपला ही वही भरायला लावतात, याचा मला थोडा अभिमान आहे.

जी मुलं अजून या टोकाला गेलेली नाहीत त्यांच्या पालकांनी निदान एवढं बघावं. आठवड्यातून एक तरी दिवस पूर्ण सुट्टी, वर्षात एकाच खेळापासून काही महिने मोकळे, तेही एकदम नको, तुकड्यातुकड्याने चालतील. मुलाचं वय जितकं, आठवड्याला साधारण त्याहून जास्त तास एका खेळाचा सराव नको. किशोरवयात आठ ते दहा तास झोप, पहाटेच्या प्रॅक्टिसमुळे ती होत नसेल तर पहाटेची प्रॅक्टिस कमी करा, झोप नाही. आणि खेळाबाहेरचे मित्र टिकू द्या, अभ्यासातून वेळ मिळत नाही हे मला माहितीय, तरीही.

ती मुलगी आज पोहते. ४०० मीटर तिने ठेवलंय, एक इव्हेंट मात्र स्वतः सोडला, आणि जुन्या टायमिंगपर्यंत अजून पोचलेली नाही. वडिलांनी मागे विचारलं, कधीपर्यंत पोचेल? मी तारीख दिली नाही, दिली असती तर ती त्यांच्या तक्त्यात जाऊन बसली असती.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. "दुखापत व्हावी" असं मनात येणं हे मी वर सांगितलं तसं थकव्याचं लक्षण असतं, पण मूल स्वतःला मुद्दाम इजा करत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ब्रेक देऊन बघू, वही भरून बघू असं काहीही करत बसू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.