मेलबर्नमध्ये क्लब निवडण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

मेलबर्नच्या ऑफिसात रुजू झालास की आठवड्याभरात कुणीतरी विचारेल, ‘तू कुणाचा?’ म्हणजे ‘फुटी’त, तिथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, कुठल्या क्लबचा. शिक्षण काय, राहतोस कुठे, हे पुढचे प्रश्न. ‘मी क्रिकेट बघतो’ या उत्तराने सुटका होत नाही. क्रिकेट तिथेही सगळे बघतात, पण ते उन्हाळ्यात. मार्च ते सप्टेंबर शहर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं असतं. ‘अजून ठरवलं नाही’ असं खुशाल सांग, चारपाच जण लगेच आपापल्या क्लबात ओढायला येतील. फक्त अमेरिकन मालिका बघून ‘आय रूट फॉर’ म्हणायची सवय लागली असेल तर ती मोड, तिथे त्याचा अर्थ अश्लील होतो. पाठिंबा देण्याला तिथले लोक ‘बॅरॅक’ करणं म्हणतात.

आधी खेळ थोडक्यात. मैदान लंबगोल, दोन्हीकडे १८-१८ खेळाडू, ऑफसाइड नाही. टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू थेट गेला की गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा उंच खांबाला लागला तर बिहाइंड, त्याचा १. फलकावर १२.९ (८१) दिसलं की ते १२ गोल, ९ बिहाइंड, एकूण ८१ असं वाचायचं. निदान १५ मीटर आलेली किक हवेतच स्वच्छ झेलली तर तो ‘मार्क’, झेलणाऱ्याला बिनधोक किक मिळते. चेंडू फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. नवखा अडकतो तो ‘होल्डिंग द बॉल’मध्ये: चेंडूवाल्याला पकडलं, आणि त्याआधी चेंडू सोडायची संधी मिळूनही त्याने सोडला नाही, तर फ्री किक विरुद्ध बाजूला. त्या क्षणी सगळं मैदान एका सुरात ‘बॉल!’ म्हणून ओरडतं. तूही ओरड. नियम पुरता कळायची वाट बघू नकोस, ओरडणाऱ्या सगळ्यांना तो कळलेला असतो असं नाही.

आता क्लब. हा निर्णय एकदाच होतो. तिथली बहुतेक माणसं आईबापांचा क्लब घेऊनच मोठी होतात. तुला ती सोय नाही, म्हणून कारण शोधावं लागेल. चालणारी कारणं: ज्या उपनगरात राहतोस तो क्लब, घरमालकाचा क्लब, ज्या सहकाऱ्याने पहिल्या मॅचला नेलं त्याचा क्लब. गुणतक्त्यात वर आहे म्हणून धरला, हे न चालणारं कारण, आणि ते लोकांना लगेच ओळखू येतं. १८ पैकी १० क्लब व्हिक्टोरियातले, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथले. कॉलिंगवुड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन, हॉथॉर्न ही सगळी उपनगरांची नावं, जरी आता बहुतेक घरचे सामने एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) किंवा डॉकलंड्स या दोन मोठ्या मैदानांवरच होतात. कॉलिंगवुड घेतलास तर निम्मं शहर तुझ्याशी आणि निम्मं तुझ्याविरुद्ध, हे गृहीत धर.

हरणारा क्लब मिळाला म्हणून घाबरायचं कारण नाही. इथे खालच्या लीगमध्ये ढकलणं हा प्रकारच नाही. १९८६ पासून ड्राफ्ट आहे, तळाच्या क्लबला नव्या पोरांमधून सहसा पहिली निवड मिळते, आणि पगारावर वरची मर्यादा आहे. त्यामुळे पाळी येते. किती वर्षांनी, ते मात्र कुणी सांगू शकत नाही. रिचमंड १९८० नंतर २०१७ ला विजेता झाला, मेलबर्न (याच नावाचा क्लब) १९६४ नंतर २०२१ ला. सेंट किल्डाचं एकमेव विजेतेपद १९६६ चं, तेही एका गुणाने. त्यांचे लोक अजून येतात. क्लब निवडताना स्वतःला एवढंच विचार: जुलैच्या पावसात, सलग सहा सामने हरल्यावर, मी जाईन का?

ही निष्ठा नुसती हौस नाही, तिला कायदेशीर पाया आहे, आणि बाहेरच्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. व्हिक्टोरियातले क्लब कुणा शेठच्या मालकीचे नाहीत, सभासदांचे आहेत. संचालक मंडळ मतांनी येतं. १९८९ मध्ये फुट्सक्रे हा क्लब कर्जात बुडाला, फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरलंही. तेव्हा सभासद कोर्टात गेले, थोडी मुदत मिळाली, आणि त्या तीन आठवड्यांत त्या कामगार वस्तीने डबे वाजवून, दारोदार फिरून सुमारे १५ लाख डॉलर उभे केले. लढ्याच्या पुढे होता पीटर गॉर्डन नावाचा वकील. तोच क्लब, आता वेस्टर्न बुलडॉग्ज नावाने, २०१६ मध्ये ६२ वर्षांनी विजेता झाला, तेव्हा अध्यक्ष तोच गॉर्डन होता.

१९९६ मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न हे क्लब एक करून ‘मेलबर्न हॉक्स’ काढायचा घाट होता. हॉथॉर्नच्या सभेत जुना कप्तान डॉन स्कॉट नव्या क्लबची नियोजित जर्सी घेऊन उभा राहिला. तिच्यावर हॉथॉर्नच्या खुणा वेल्क्रोने चिकटवल्या होत्या. त्याने पिवळा व्ही टरकन ओढून काढला, ससाणा काढला, आणि खाली उरली ती मेलबर्नची जर्सी लोकांना दाखवली. मेलबर्नच्या सभासदांनी विलीनीकरणाला होकार दिला होता, हॉथॉर्नच्यांनी धुडकावलं. पुढे हॉथॉर्नने २००८ आणि मग २०१३ ते २०१५ सलग तीन विजेतेपदं घेतली.

फिट्झरॉय त्याच वर्षी संपला. मेलबर्नमधला शेवटचा सामना रिचमंडशी, १५१ गुणांनी हार, आणि तो बघायला जवळजवळ ४९ हजार लोक. क्लब ब्रिस्बेन बेअर्सशी जोडून ब्रिस्बेन लायन्स झाला. काही लोक त्याच्यामागे गेले, काहींनी त्यानंतर एएफएल, म्हणजे ही मुख्य लीगच, पाहणं सोडलं. फिट्झरॉयचं नाव आज हौशी लीगमध्ये जिवंत आहे, जुन्या ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर. एखाद्या शनिवारी तिथे सीमारेषेला टेकून उभा राहा. निष्ठा म्हणजे काय ते तिथल्या म्हाताऱ्यांकडे बघून एमसीजीपेक्षा लवकर कळतं.

पहिल्याच वर्षी ११ सामन्यांची मेंबरशिप घेऊ नकोस, तीन सामन्यांची पुरे. ग्रँड फायनलच्या तिकिटावर डोळा असेल तर कुठल्या दर्जाच्या मेंबरशिपला तो हक्क मिळतो ते आधी वाच, स्वस्तातल्या प्रकारांना सहसा नसतो. एमसीजीला रिचमंड किंवा जोलिमाँट स्टेशनावर उतर. घरचा डबा आत नेता येतो, काचेची बाटली आणि कॅन नाही. शाकाहारी असशील तर डबा नेच, कारण आत मीट पाय आणि चिप्स यांचंच राज्य. जूनच्या रात्री वरच्या मजल्यावर वारा हाडात शिरतो, क्लबचा स्कार्फ तिथे खराच उपयोगी.

गोलाच्या मागची जागा पहिल्या खेपेला टाळ. तिथे चिअर स्क्वॉड बसतं, मोठाले झुबके लावलेल्या काठ्या हलवत. क्रेप कागदाचा जो भलामोठा बॅनर खेळाडू फाडून मैदानात येतात, तो हेच लोक आठवडाभर खपून बनवतात. बाकी ठिकाणी प्रतिस्पर्धी शेजारीशेजारी बसतात, युरोपच्या फुटबॉलसारखे वेगळे कोंडलेले नसतात. म्हणून टोमणा मार, पण खेळावर. रंगावर, वंशावर नाही, आणि कुणी तसं बोललं तर मैदानावर तक्रारीचा एसएमएस नंबर लावलेला असतो, तो वापर. २०१५ मध्ये सिडनीच्या ॲडम गुड्स या आदिवासी खेळाडूला प्रेक्षकांनी महिनोनमहिने हुर्यो करून खेळातून घालवलं. एएफएलची माफी २०१९ मध्ये आली. निष्ठेच्या नावाखाली झुंड कशी होते ते त्या संस्कृतीने अजून पुरतं पचवलेलं नाही.

ऑफिसच्या टिपिंगमध्ये, म्हणजे कोण जिंकणार याचे अंदाज बांधायच्या स्पर्धेत, भाग घे. पूर्ण फेरीत नऊ सामने, प्रत्येकी एक अंदाज. भरायला विसरलास तर बऱ्याच ठिकाणी पाहुणे संघ तुझ्या नावावर टाकतात, आणि पर्थला चार तासांचं विमान पकडून खेळणारा पाहुणा वारंवार हरतो. आपल्या क्लबविरुद्ध टिप द्यावी का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद आहे. माझं मत विचारशील तर द्यावी. पैजेचा हिशेब वेगळा.

पुढे नोकरीने सिडनीला नेलं तर तिथे रग्बी लीग चालते. तीही शिक. साउथ सिडनी या क्लबला १९९९ च्या हंगामानंतर रग्बी लीगने वगळलं, तेव्हा त्यांच्या लोकांनी रस्त्यावर आणि कोर्टात भांडून २००२ ला परत आणलं, त्यामुळे माणसं तुला ओळखीची वाटतील. मात्र फुटीचा क्लब बदलू नकोस, मेंबरशिपचा प्रकार बदल. जवळजवळ प्रत्येक क्लबकडे परराज्यातल्यांसाठी वेगळी, स्वस्त मेंबरशिप असते. जुनी आपोआप नूतनीकरण होऊन पैसे कापते, तेव्हा हंगाम संपल्यावर क्लबची ईमेल आली की तारीख बघून आधीच कळव.

तुझा हितचिंतक